सैल सोडलेला कासरा

मित्रांनो, डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दारामागे, छत्रीच्या शेजारी खिळ्याला एक मळकं वेटोळं लटकलेलं आहे. पाहुण्यांना वाटतं, जुन्या पायपुसण्याची किनार सुटून आली असेल. तसं नाही. तो मी आहे, एक जुना कासरा.

कासरा म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात जी लांब दोरी असते आणि जिचं दुसरं टोक बैलांच्या वेसणीला असतं, ती दोरी म्हणजे कासरा. सायकलला हँडल आणि ब्रेक असतो ना, तसा बैलगाडीला मी.

माझा जन्म आंबिवलीच्या पलीकडे एका गावात, अंगणात झाला. सूत कल्याणच्या बाजारातलं. एक टोक विमलाबाईंनी धरलं आणि दुसरं त्यांचे यजमान मारुती पिळू लागले. पीळ बसायला लागला तशी दोघं भांडायलाही लागली.

"घट्ट धर की."

"धरलंय. तुम्हीच उलटं पिळताय."

"मी उलटं? अगं, माझ्या बापाने आख्ख्या गावाला कासरे वळून दिले."

"म्हणून आख्ख्या गावाचे बैल मोकळे फिरायचे."

मध्येच सूत कमी पडलं. तेव्हा विमलाबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्यात घातली. माझ्या पोटात अजून ती हिरवी रेघ आहे. सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझा पीळ तर भांडणातून आलेला. तो कसला जळतोय.

मारुतींची गाडी पेंढा घेऊन कल्याणच्या तबेल्यांत जायची. हौशा आणि गबऱ्या ही बैलजोडी. तुम्हाला वाटेल, मारुती मला खेचून गाडी वळवत असतील. नाही. मी त्यांच्या मांडीवर सैल पडलेला असे, आणि ते बोलत असत. गाव सोडल्यापासून तबेला येईपर्यंत बोलत. "हौशा, पुढे खड्डा हाय बाबा. गबऱ्या, चढ राजा, लाजू नको. काल विमल काय बोलली ऐकलंस ना?" बैलांचे कान सारखे मागे वळलेले. वळण आलं की मारुती जिभेने टक् टक् करत आणि मी नुसता हलायचा अवकाश, जोडी वळलेली असे.

तबेल्यातले लोक म्हणत, "मारुतीभाऊ, तुमचा कासरा नुसता शोभेचा हाय."

मला ते फार लागायचं. दोरीने ताणलं जावं, कुणाला तरी थोपवून धरावं, असं मला वाटे.

पुढे पेंढा टेंपोतून जायला लागला. हौशा म्हातारा होऊन गेला आणि त्याच्यामागे गबऱ्याही राहिला नाही. मारुतींचा मुलगा उत्तम डोंबिवलीला कारखान्यात नोकरी करत होता. त्याने आईवडिलांना आपल्या घरी आणलं. मीही आलो, टेंपोतल्या गाद्यांना कमरेत बांधून. नंतर गॅलरीत माझ्यावर टॉवेल वाळू लागले. दोन बैल सांभाळलेला मी, आता चड्ड्या-बनियन सांभाळत होतो.

मारुतींचं, म्हणजे आता सगळ्यांच्या आबांचं, माझ्यासारखंच झालं होतं. त्यांचा आवाज गावात चार शेतं ओलांडून जाई. इथे तो चार घरं ओलांडू लागला. "आबा, हळू," उत्तम म्हणे. "इथे भिंतीला भिंत आहे." आबा हळू बोलू लागले, मग कमी बोलू लागले, आणि मग चहा हवा असला तरच बोलू लागले.

अशात नात संचिता एक पिल्लू घेऊन आली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. तिने त्याचं नाव बंटी ठेवलं. आमच्या वर चौथ्या मजल्यावरही एक बंटी राहतो, चांगला चाळिशीचा, बँकेत नोकरीला, हे तिला ठाऊक नव्हतं. पुढे संचिता शिकायला पुण्याला गेली आणि बंटी आबांच्या वाट्याला आला.

दुकानातून आणलेले दोन रंगीत पट्टे या बंटीने चावून टाकले. तिसऱ्याची कडी तोडली. तेव्हा विमलाबाईंनी टॉवेल बाजूला केले आणि मला काढलं. "हा घ्या. बैल पेललेत याने."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मला दुहेरी करून बंटीच्या छातीच्या पट्ट्याला बांधलं आणि खाली उतरताच मी असा ताणला गेलो की माझे सगळे धागे जागे झाले. बंटी पुढे ओढी, आबा मागे ओढत. बंटी प्रत्येक रिक्षाच्या टायरला नाक लावी. आबा तोंडातून अवाक्षर काढत नसत, कारण गॅलऱ्यांतून लोक बघत. बघून विचारतही. "काय आबा, आज बंटीने कुठे फिरवून आणलं?"

संध्याकाळी इमारतीच्या मागच्या मैदानात आबा त्याला मोकळा सोडत. सोडणं सोपं होतं. परत बोलावताना आबा हाक मारत, "बंटी." चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडे.

"बोला आबा."

"तुला नाय रे."

खिडकीतला बंटी पहिल्या हाकेला हजर होई आणि मैदानातला बंटी दहाव्या हाकेलाही ढुंकून बघत नसे. त्याचंही चुकत नव्हतं. तो कधी आलाच, तर आबा मला त्याच्या पट्ट्याला बांधून घरी नेत. रविवारी तर थेट मोरीत, बादलीसमोर. हाकेमागून काय येतं ते त्याला पाठ झालं होतं. मला नुसतं पाहिलं तरी तो सोफ्याखाली जाई. मित्रांनो, आपल्याला पाहून कुणी सोफ्याखाली जावं, याचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

एक दिवस बंटीला मांजर दिसलं आणि आबा पडले. कोपर सोललं, गुडघा सुजला. उत्तम घाबरला आणि घाबरला की तो रागावतो.

"आबा, बस झालं. पुन्हा असं काही झालं, हा सुटून पळाला किंवा तुम्ही पडलात, तर बंटी तिकडे दिवा गावात जाणार. माझ्या मित्राचं, सुशांतचं गोडाऊन आहे तिथे. राखण करेल."

"तिकडं पाण्याची बोंब हाय," आबा म्हणाले.

"कुत्र्याला किती लागतंय पाणी?"

त्या दिवशी आबांनी भाकरी अर्धी टाकली. विमलाबाईंनी ती ताटात पाहिली आणि पदर खोचून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे क्षिप्रा नावाची मुलगी राहते. कुत्र्यांना वळण लावणं हेच तिचं काम आहे. ती आली, आबांबरोबर मैदानाला एक चक्कर मारली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"आबा, राग मानू नका. पण तुम्ही फार बोअर आहात."

"लग्नाआधी हे कुणी सांगितलं असतं तर," विमलाबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो आजी. बंटीच्या बाजूने बघा. रिक्षाचा टायर त्याला पन्नास बातम्या सांगतो. आबा एकही सांगत नाहीत. मग तो आबांकडे कशाला बघेल?"

"मी काय सांगू त्याला?" आबा म्हणाले.

"काहीही सांगा. त्याने मान वळवून तुमच्याकडे बघितलं की शाबास म्हणा आणि एक तुकडा द्या. त्याने ओढलं तर तुम्ही ओढू नका. थांबा, नाहीतर उलटे वळा. आणि एक अगदी लक्षात ठेवा. बोलावून घेऊन त्याला न आवडणारं काही करायचं नाही. आला की खाऊ द्यायचा आणि परत खेळायला सोडायचं. हाकेवर त्याचा विश्वास बसला पाहिजे."

"आता कळलं," विमलाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी यांच्या हाकेला ओ का देत नाही. 'विमल' म्हटलं की पुढे चष्मा शोध, नाहीतर पाणी आण. मीसुद्धा सोफ्याखाली गेले असते, पण आता गुडघे वाकत नाहीत."

शिकवणी घरातच सुरू झाली, आणि सुरुवात माझ्यापासून झाली. क्षिप्राने मला जमिनीवर पसरलं आणि माझ्या अंगावर उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे मांडले. बंटी सोफ्याखालून बघत राहिला. मग नाक आलं, मग एक पाय आला. दुसऱ्या आठवड्यात तर मला खिळ्यावरून काढलं की तो शेपटीने छत्री पाडू लागला. खेळ म्हणून आबा माझं मधलं वेटोळं त्याच्या तोंडात देत आणि दोघं रस्सीखेच करत. बंटीला हिरव्या रेघेची जागा विशेष आवडे. तिथे त्याने मला बरंच चावलं. मी तक्रार केली नाही. फार दिवसांनी माझ्याशी कुणी खेळत होतं.

मैदानात मात्र मला पूर्ण उलगडून लांबच्या लांब सोडलं जाई, एक टोक आबांच्या हातात ठेवून. आबांच्या सदऱ्याच्या खिशात कलेजी असे. त्यामुळे लिफ्टमध्ये लोक त्यांच्यापासून जरा लांब उभे राहत. आबा बोलायला लागले, पण कुजबुजत. इकडेतिकडे बघून म्हणाले, "बंटी, पुढे खड्डा हाय बाबा."

बंटीचा उभा कान मागे वळला.

मित्रांनो, तो कान मी ओळखला. तो हौशाचा कान होता.

मग आबा रोज थोडं मोठ्याने बोलू लागले. बंटी टायर सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत चालू लागला आणि मी त्यांच्यामध्ये झोळीसारखा सैल लोंबू लागलो. शोभेचा कासरा. तबेल्यातले लोक माझी स्तुती करत होते, हे मला त्या मैदानात कळलं.

विमलाबाईंना ते तितकंसं रुचलं नाही. "त्या कुत्र्याला राजा म्हणता," त्या म्हणाल्या. "मला उभ्या जन्मात म्हणाला नाहीत."

"तू ओढतेस," आबा म्हणाले.

रविवारी उत्तम स्वतः बघायला मैदानात आला. आबांनी नवा सदरा घातला होता. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात कोंबड्यांचे पिंजरे लादलेली एक मोटारसायकल फाटकातून आत वळली, खड्ड्यात आपटली आणि एक कोंबडी बाहेर पडून फाटकाकडे पळाली.

बंटीने झेप घेतली. मी खाडकन ताणला गेलो आणि हिरव्या रेघेपाशी तुटलो.

उत्तमने आबांना धरलं म्हणून ते पडले नाहीत. पण बंटी सुटला होता. फाटकाबाहेर रस्ता होता, रिक्षा होत्या, बस होत्या. उत्तम धावला, वॉचमन धावला, कोंबडीवाला "माझी कोंबडी" म्हणत धावला. इतकी माणसं आपल्यामागे धावताहेत म्हणजे मोठाच खेळ आहे, असं वाटून बंटी अजून जोरात पळाला.

आबांनीही एक पाऊल पुढे टाकलं. मग ते थांबले. माझा अर्धा तुकडा हातात धरून त्यांनी सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि उलट्या दिशेला चालू लागले. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी तो आवाज ऐकला.

"हौऽऽ! चल रे राजा, चल! घर आलं! हौशा, गबऱ्या, चला! बंटी, माझ्या राजा, येतोस का मी जाऊ?"

चार शेतं ओलांडणारा आवाज तो. खिडक्या उघडल्या. कुणाच्या तरी घरात बाळ रडू लागलं. आबा थांबले नाहीत, टक् टक् करत, बोलत, पाठमोरे चालतच राहिले.

बंटीचे पुढचे पाय फाटकाच्या बाहेर होते. उभा कान मागे वळला. त्याने कोंबडीकडे बघितलं, आबांच्या पाठीकडे बघितलं, पुन्हा कोंबडीकडे बघितलं. मग तो वळला. माझा उरलेला तुकडा त्याच्यामागे फरफटत येत होता. मीच माझ्याकडे धावत येत होतो म्हणा ना.

आबा खाली बसले. रागावले नाहीत, मारलं नाही. खिशातली सगळी कलेजी त्याच्यासमोर ओतली. वॉचमनने तोवर फाटक लावलं होतं. मग आबा बंटीला म्हणाले, "जा, खेळ."

"आबा, बांधा त्याला," उत्तम धापा टाकत म्हणाला.

"कशाला? आलाय की."

तेवढ्यात जिन्यातून चौथ्या मजल्यावरचा बंटी अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत पळत आला. "आबा, काय झालं? बोला."

"तुला नाय रे," आबा म्हणाले. "पण बरं वाटलं."

उत्तम बराच वेळ बंटीकडे बघत होता. मग त्याने खिशातून फोन काढला. "सुशांतला सांगतो," तो म्हणाला, "गोडाऊनला दुसरं कुत्रं बघ म्हणून."

मित्रांनो, मला वाटायचं, तुटलो की दोरीचा जन्म संपला. पण मी तुटलो आणि बंटी परत आला. धरून ठेवायला मी उरलोच नव्हतो, तरी आला. याहून मोठी शाबासकी कासऱ्याला कुठली मिळणार? तुमच्याकडे एखादं जनावर असेल तर त्याची दोरी जपा. कुजली, चावली गेली असेल तर वेळेवर बदला. सगळ्यांचं नशीब आमच्यासारखं नसतं. दोरी सैल धरा आणि तोंड चालू ठेवा. आणि ज्याला बोलवाल, त्याला येऊन बरं वाटेल असं वागा.

मला पुन्हा जोडलं ते विमलाबाईंनी, जुन्या पातळाची पट्टी घालून, गॅलरीत बसून. "उलटं पिळताय," "तूच सैल धरलंयस," सगळं मोठ्याने झालं. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. ते ऐकत होते.

काल संध्याकाळी मी खिळ्यावर होतो. बंटी आबांच्या पायाशी झोपला होता. आबा स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आले आणि त्यांनी हाक मारली, "विमल."

आतल्या खोलीतून आवाज आला, "आधी काम सांगा."

"काम नाय. चहा केलाय."

आबांनी घाई केली नाही, पुन्हा हाक मारली नाही. क्षिप्राने तसंच शिकवलं आहे. थोड्या वेळाने पावलं वाजली आणि विमलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, संशयाने कपाकडे बघत.

आबांचा हात सवयीने कलेजीच्या खिशात गेला.