जाताना जमिनीवर, येताना खांद्यावर

मी एक जुने मोजणीचे चाक आहे. मित्रांनो, मला पाहिले तर तुम्ही नक्की हसाल. एकच चाक, त्याला लांब दांडी, दांडीच्या टोकाला लाकडी मूठ आणि चाकाच्या बाजूला पाच आकडे दाखवणारी छोटीशी डबी. सायकल बनवताना कुणीतरी अर्ध्यातच कंटाळला असावा, असा माझा अवतार! पण मी फिरलो की रस्त्याची, गटाराची, पाइपाची लांबी कळते. दर मीटरला माझ्या डबीतून 'कट्' असा आवाज येतो, म्हणून सगळे मला कटकट्या म्हणतात. आज मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगणार आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण तो दिवस आठवला की मी अजून जागच्या जागी थरथरतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने फरशीवर दहा मीटरची रेघ आखली आणि मला तिच्यावरून वीस वेळा फिरवले. वीसही वेळा आकडा दहाच आला. "हा काही खोटं बोलायचा नाही," तो आपल्या बायकोला म्हणाला. तिने हातातली चहाची कपबशी खाली ठेवून मला एकदा फिरवून पाहिले आणि मान डोलावली. ते ऐकून मी असा फुगलो की काय सांगू! पुढे त्याच वाक्याने माझी झोप उडवली.

तिथून मी सार्वजनिक कामांच्या कचेरीत आलो. तिथे मला अण्णा भेटले. अण्णा म्हणजे कचेरीचे मोजणीदार. काम झाले की ते मोजायचे आणि अण्णांनी लिहिलेल्या आकड्यावरच ठेकेदाराला पैसे मिळायचे. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. निघताना ते डबीची चावी फिरवून माझे सगळे आकडे शून्यावर आणत. मग कामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला जमिनीवरून चालवत. परत येताना मात्र मला उचलून खांद्यावर घेत, म्हणजे चाक फिरत नसे आणि आकडा जसाच्या तसा राहत असे. नोंदवही जीपमध्ये असायची, तिथे बसून ते आकडा वाचून लिहीत. "जाताना जमिनीवर, येताना खांद्यावर," हे त्यांचे पालुपद. नवा माणूस आला की पहिला धडा हाच.

वीस वर्षे आम्ही जोडीने फिरलो. एकदा एका ठेकेदाराने रस्ता नव्वद मीटर कमी केला होता. मी तो बरोब्बर पकडला, तेव्हा अण्णांनी माझ्या मुठीवर थाप मारली. "कटकट्या, तुझी कटकट लोकांच्या कामाची रे बाबा!" असे कौतुक कुणाला नको असते?

आणि मग तो टेकडीचा दिवस उजाडला.

टेकडीवर एक छोटे प्रसूतिगृह आहे. चार खाटा, एक नर्सताई आणि एक आया. पायथ्याच्या पंपघरापासून तिथपर्यंत पाण्याचा पाइप टाकायचा होता. लांबी ठरली होती बाराशे ऐंशी मीटर. अण्णांना त्या दिवशी सहा ठिकाणची मोजणी होती आणि हे काम शेवटचे. ऊन डोक्यावर आलेले. "जेवढा चर उघडा दिसतोय तेवढा मोजून या," एवढेच त्यांना सांगितले होते. आम्ही पंपघरापासून निघालो. कट्, कट्, कट्. एका मोठ्या काळ्या खडकापाशी चर संपला. माझ्या डबीत आकडा होता सहाशे चाळीस. खडक फोडायचे यंत्र आले की ठेकेदार पुढचे काम करणार होता, पण अण्णांना ते कुणी सांगितले नव्हते आणि प्रसूतिगृह त्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

अण्णांनी मला उचलायला हात घातला आणि "आई गं!" म्हणून कळवळले. खांदा भरून आला होता. त्यांनी मला खाली ठेवले आणि तसेच चालवत उतरू लागले. मित्रांनो, मी ओरडत होतो! सहाशे एक्केचाळीस! सहाशे बेचाळीस! पण माझे ओरडणे म्हणजे कट् कट्, आणि ते तर अण्णा रोजच ऐकत होते. जीपशी पोहोचलो तेव्हा डबीत आकडा होता बाराशे ऐंशी. अण्णांनी नोंदवही उघडली. ठरलेली लांबी बाराशे ऐंशी, मोजलेली लांबी बाराशे ऐंशी. दमलेल्या माणसाने समाधानाने लिहिले, 'काम पूर्ण'.

ठेकेदाराने ती नोंद वाचली. चहा संपवला आणि निघून गेला. खडक फोडायचे यंत्र काही आले नाही. त्या नोंदीखाली आणखी चार सह्या झाल्या, चर बुजवला गेला, पैसेही गेले. सह्या करणाऱ्यांपैकी एकही जण टेकडी चढला नाही. बुजवलेल्या चरावर गवत उगवले आणि मी, कधी खोटे न बोलणारा कटकट्या, आयुष्यात पहिल्यांदा खोटा ठरलो. तेही कुणाच्या लक्षात न येता!

ती आमची शेवटची मोजणी ठरली, कारण त्याच आठवड्यात अण्णा निवृत्त झाले. कचेरीत सेलवर चालणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथे माझ्या दांडीवर कुणी ओली छत्री वाळत घालायचे, कुणी खिडकी उघडी राहावी म्हणून मला तिच्यात अडकवायचे. त्याचे मला दुःख नव्हते. डबीत अजून तोच बाराशे ऐंशीचा आकडा होता, त्याचे होते.

टेकडीखालच्या गावात वर्षातून एकदा शाळेच्या अंगणात हिशेबसभा भरते. कचेरीने कोणती कामे केली, लोकांचा पैसा कुठे गेला, ते सगळ्यांसमोर वाचायचे. कुणीही उठून विचारावे आणि मोठ्या साहेबांनी नोंदवही पाहून उत्तर द्यावे. पद्धत चांगली, पण तिला एक खोड होती. नोंद वाचून दाखवली की प्रश्न संपला असे धरायचे. नर्सताईंनी दोन वर्षे विचारले, "पाणी कधी येणार?" आणि दोन्ही वर्षे उत्तर मिळाले, "पाइप पोहोचला आहे. पुढचा प्रश्न." कागदावर पाइप पूर्ण, म्हणून नव्या पाइपाला मंजुरीही मिळेना. आया डबे भरभरून पाणी वर नेत होती.

तिसऱ्या वर्षी आरोग्य खात्याचे पत्र आले. महिनाअखेरपर्यंत नळाला पाणी आले नाही तर प्रसूतिगृह बंद! मग टेकडीवरच्या बायकांना बाळंतपणासाठी दोन तास गाडीतून जावे लागणार होते. इतका वेळ बाळ थांबते का हो?

त्या वर्षीच्या सभेला मला जायला मिळाले, ते केवळ योगायोगाने. कचेरीत नव्या ओव्हरसीअर बाई आल्या होत्या. सभेत लागले तर असावे म्हणून त्यांनी मोजणीचे यंत्र काढले, तर त्याचे सेल संपलेले. त्यांनी सामानाच्या खोलीत शोधाशोध केली आणि माझ्या अंगावरची छत्री काढून मला बाहेर आणले. सूर्यप्रकाश! लोक! माझे चाक नुसते सळसळले.

नर्सताई उठल्या. त्यांनी पिशवीतून एक नळ काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हा काय प्रकार आहे, ताई?"

"नळ आहे, साहेब. भिंतीतून काढून आणलाय. दोन वर्षांत ह्याच्यातून एक पाल निघाली, बाकी काही नाही."

सगळे अंगण हसले. साहेबांनी नोंदवही उघडली. "बाराशे ऐंशी मीटर. काम पूर्ण. पुढचा—"

"साहेब, मी मोजू का?" ओव्हरसीअर बाईंनी मध्येच विचारले.

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दोनशे माणसे आधीच उठून उभी राहिली होती! आम्ही पंपघरापाशी गेलो. बाईंनी चावी फिरवली आणि तो नकोसा आकडा पुसला गेला. मी शून्यावर आलो. अंघोळ केल्यासारखे वाटले हो मला! मग निघालो. पुढे मी, मागे बाई, साहेब, नर्सताई आणि सगळे गाव. निवृत्त अण्णाही आले होते, पण चढ त्यांना झेपेना, म्हणून ते मागे मागे राहिले. आम्ही प्रसूतिगृहाच्या पायरीला टेकलो, बाई वाकल्या आणि त्यांनी आकडा वाचला.

"बाराशे ऐंशी."

"बघा!" साहेब खूश झाले. "नोंद तंतोतंत आहे. पाणी येत नसेल तर पंपात दोष असेल."

मित्रांनो, माझ्या पायाखालची जमीनच सरकली! मी खरे बोललो होतो आणि माझ्या खरेपणानेच जुने खोटे पक्के झाले होते. वाट तेवढी लांब होतीच, पण पाइप तेवढा आहे का, ते कोण सांगणार? नर्सताई पायरीवर बसल्या. लोक कुजबुजत उतरू लागले. बाईंनीही मला वळवले आणि चालवत निघाल्या. त्या नव्या होत्या, त्यांना ती पद्धत कुणी सांगितली नव्हती. बाराशे एक्क्याऐंशी, बाराशे ब्याऐंशी, कट्, कट्, कट्.

काळ्या खडकापाशी अण्णा धापा टाकत उभे होते. आम्हाला पाहताच ते कडाडले, "अहो बाई, काय करताय! येताना खांद्यावर घ्यायचं! असं चालवत आणलं तर आकडा दुप्पट नाही का होणार?"

त्यांनी खडकाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग त्यांचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. मला कळले, मित्रांनो, त्यांना आठवले! ते गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळले नसते. पस्तीस वर्षांचे नाव होते त्यांचे.

"साहेब, थांबा," अण्णा म्हणाले. "चूक माझी आहे. त्या दिवशी माझा खांदा धरला होता. मी ह्याला चालवत परत नेला. चर इथंच संपला होता, ह्या खडकाशी. पाइप वर गेलेलाच नाही."

"खणा!" कुणीतरी ओरडले.

कुदळी आल्या, फावडी आली. बाई स्वतः पदर खोचून उभ्या राहिल्या. गवत उडाले, माती उडाली आणि थोड्या वेळाने ठण्ण असा आवाज झाला. पाइप! लोकांनी हातांनी माती बाजूला केली. खडकाला टेकून पाइप संपला होता आणि त्याच्या तोंडात लाकडी गुडदी ठोकलेली होती. बाईंनी ती हातोडीने सैल केली मात्र, पाण्याची अशी चिळकांडी उडाली की साहेबांचा सदरा, नोंदवही आणि मी, तिघेही चिंब! दोन वर्षे पाणी तिथे दार लावून कोंडलेले होते. लोक नाचत होते, मीही नाचलो असतो, पण मला कुणीतरी धरून ठेवले होते.

अण्णा मात्र डोळे पुसत होते. "ताई, माझ्यामुळं तुमचे हाल झाले. मला माफ करा."

नर्सताईंनी त्यांचा हात धरला. "अण्णा, तुमचा तर खांदा दुखत होता. त्या चार सह्या करणाऱ्यांचं काय दुखत होतं?"

साहेबांच्या हातातल्या नोंदवहीवर चौथी सही त्यांचीच होती. त्यांनी भिजलेली वही मिटली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "दोन वर्षं मी कागद वाचून दाखवला. एकदा वर येऊन बघायला हवं होतं. माझं चुकलं. ठेकेदाराला उद्या बोलावतो. पुढचं काम तो स्वतःच्या खर्चानं करेल आणि मी रोज इथं उभा राहीन."

आणि राहिले हो! खडक फुटला, पाइप वर चढला. महिना संपायला सहा दिवस होते, तेव्हा नर्सताईंनी तोच नळ भिंतीत पुन्हा बसवला आणि फिरवला. आधी नुसती हवा, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. आयाने हातातला डबा जमिनीवर उपडा घातला आणि त्याच्यावर ऐसपैस बसली. चौथ्या दिवशी तिथे एका मुलीचा जन्म झाला. तिची पहिली अंघोळ त्या नळाच्या पाण्याने झाली.

आता मी कचेरीच्या दारातच खुंटीवर असतो. हिशेबसभेत नोंद वाचून झाली की प्रश्न संपत नाही. लोक उठतात, मला खाली काढतात आणि आम्ही कामाच्या टोकापर्यंत चालत जातो. अण्णा दर पंधरवड्याला येऊन माझ्या आसाला तेल घालतात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, पण एक मागणे मागतो. मी किती फिरलो तेवढेच सांगू शकतो. कुठे फिरलो, ते माझ्याबरोबर चालणाऱ्यालाच ठाऊक असते. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी सही करणारे व्हाल, कुणी प्रश्न विचारणारे. तेव्हा मला तेल घाला, शून्यावर आणा आणि शेवटच्या नळापर्यंत माझ्यासोबत या. तो नळ स्वतः फिरवून पाहा. आणि हो, येताना मला खांद्यावर घ्या. खांदा दुखत असेल, तर दुसऱ्या कुणाला हाक मारा.