साडेबावीसशेची ओळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक उभी शिडी डोळ्यांसमोर आणा. तिच्या प्रत्येक पायरीवर एक आकडा लिहिला आहे. तुम्हाला पाचव्या पायरीवर पाय ठेवायचाय. तुम्ही नीट बघता, पाय उचलता, आणि तो टेकायच्या आत शिडी गुपचूप एक पायरी खाली सरकते. पाय पडतो सहाव्या पायरीवर. खालून कुणीतरी म्हणतं, "बघून चढता येत नाही का?"

आता सांगा, चूक कुणाची?

घाई करू नका. ज्याने अशी शिडी बनवली होती, त्याला हे उत्तर द्यायला सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंतचा वेळ लागला, आणि त्या आठ तासांत तो दहा मिनिटंही सलग खुर्चीत टेकला नाही.

ऑफिसात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. वय एक्कावन्न, डोक्यावर विरळ केस, खिशात स्टीलची छोटी पट्टी. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं, लोकांनी बघायचे आकडे नीट मांडायचे. आधी गाड्यांची वेळापत्रकं, मग विजेची बिलं, मग दवाखान्यातले तापाचे तक्ते. दोन ओळींमधली जागा एक मिलीमीटरने कमी केली, तर हा माणूस अर्धा तास वाद घालायचा. गेली दोन वर्षं तो एका कंपनीत होता. मोबाइलवरून शेअर आणि ऑप्शन घ्यायचं अॅप ही कंपनी चालवायची.

ऑप्शन म्हणजे काय? समजा दुकानात एक सायकल आहे, किंमत शंभर नाणी. तुम्ही दुकानदाराला पाच नाणी देता आणि म्हणता, "महिनाभरात केव्हाही आलो, तर मला ही शंभरालाच द्यायची." किंमत दीडशेवर गेली, तर तुमची चंगळ. ऐंशीवर आली, तर तुम्ही जात नाही आणि पाच नाण्यांवर पाणी सोडता. बाजारात शंभराचा असा करार मिळतो, तसाच नव्वदचा मिळतो, एकशे दहाचाही मिळतो. प्रत्येकाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दहा-बारा आकडे, सतत बदलणारे. हे सगळं तळहाताएवढ्या काचेवर मांडायचं, आणि तेही बघणाऱ्याला घेरी न येता. हे मिलीमीटरचं काम होतं.

त्याने त्यात एक युक्ती केली होती. बाजारभावाच्या सर्वांत जवळची ओळ कायम मधोमध राहायची. भाव पुढे गेला, की अख्खा तक्ता अलगद एक ओळ सरकायचा, पाण्यावर पान सरकावं तसा. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी काही हजार लोकांना तो तक्ता वापरायला दिला होता. आज चार वाजता मोठ्या लोकांसमोर शेवटची मीटिंग, आणि उद्यापासून तो सगळ्यांना मिळणार होता. डिझाइन प्रमुखाची खुर्ची तीन महिने रिकामी होती. तिच्यावर कोण बसणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी दहाला त्याने तक्रारींच्या फोनची रेकॉर्डिंग ऐकायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. काम हातातून जायच्या आधी तो नेहमीच ऐकायचा.

पहिला फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता.

"मी साडेबावीसशेच्याच ओळीवर बोट ठेवलं हो. तेवीसशेचा मी कशाला घेईन?"

"सर, आमच्या नोंदीत तुम्ही तेवीसशेच दाबलंय."

"अहो, चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली मी. पाचची गोळी न् पन्नासची गोळी, एकदा गल्लत नाही झाली."

"वयानुसार कधी कधी होतं सर असं."

मग म्हातारा म्हणाला, "घरचेही तेच म्हणतात. मुलाने माझा मोबाइल काढून घेतला. हा बायकोचा फोन आहे."

खाली शेरा होता, 'ग्राहकाची चूक. प्रकरण बंद.'

मिलीमीटर उठला. पाणी प्यायला. परत येऊन त्याने त्या दिवशीची नोंद उघडली. यंत्र प्रत्येक हालचालीची वेळ लिहून ठेवतं. तक्ता सरकला ती वेळ, आणि म्हाताऱ्याचं बोट काचेला लागलं ती वेळ. दोन्हींत एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचं अंतर होतं. बोट निघालं तेव्हा तिथे साडेबावीसशे होतं. बोट पोचलं तेव्हा तिथे तेवीसशे आलं होतं.

तो जिन्याने खाली गेला, तसाच वर आला. मग एकेक करून त्याने अशा एक्केचाळीस तक्रारी तपासल्या. एकोणतीस ठिकाणी बोट टेकायच्या जेमतेम आधी तक्ता सरकला होता.

बारा वाजता तो मॅडमच्या टेबलाशी उभा राहिला. मॅडम त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, या सगळ्या कामाच्या प्रमुख.

"बसा ना काका."

"नको, उभाच बरा. हा तक्ता उद्या द्यायचा नाही."

मॅडमनी वर पाहिलं. "ही तुमच्या त्या अर्ध्या मिलीमीटरची भानगड नाही ना?"

"नाही. माणसं नीट बघून बोट ठेवतात, आणि आपण बोटाखालची ओळ काढून घेतो."

त्याने कागद पुढे केला. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला. त्या वाईट नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. "काका, आपल्याच मजल्यावर सत्तर जणांनी हा तक्ता महिनाभर वापरला. एकाचंही बोट चुकलं नाही. हे एकोणतीस जण घाईत असतील. आणि आज मीटिंगच्या कागदांत तुमचंच नाव पहिल्या पानावर आहे. स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारून घेताय?"

"एकाचंही चुकलं नाही, हे खरंय," तो पुटपुटला.

"चारच्या आत मला प्रत्यक्ष दाखवा. मग बोलू."

तो जागेवर येऊन स्वतःच्या मोबाइलवर सरावाचा खोटा बाजार सुरू करून बसला. पन्नास वेळा बोट ठेवलं, पन्नासही वेळा बरोबर. मग त्याच्या लक्षात आलं. भाव सरकायच्या बेतात आला, की त्याचं बोट आपोआप थबकायचं. शेजारच्या मुलाचं बोट थबकत होतं, पलीकडच्या मुलीचंही. रोज तोच तक्ता हाताळून सगळ्यांच्या अंगात तो मुरला होता. ज्यांनी शिडी बनवली, ते शिडीवरून पडत नव्हते. आणि पारख करायला त्यांनी स्वतःखेरीज कुणाला बोलावलंच नव्हतं.

तीन वाजता त्याची धाकटी मुलगी आली. नऊ वर्षांची. शाळा लवकर सुटली होती, आई कामावर होती, म्हणून शेजारच्या काकूंनी तिला ऑफिसच्या दारात सोडलं होतं. आल्या आल्या तिने त्याच्या खुर्चीचा ताबा घेतला.

"बाबा, तुम्ही असे येरझाऱ्या का घालताय? पोटात दुखतंय?"

"नाही गं. एक खेळ खेळतेस? मी आकडा सांगीन, तू त्या ओळीवर पटकन बोट ठेवायचं."

"बक्षीस काय?"

"आधी खेळ तरी."

तो आकडे सांगत गेला, ती बोट ठेवत गेली. सुरुवातीला सगळं बरोबर. सातव्या वेळी चुकलं. तिने कपाळाला आठी घातली. अकराव्या वेळी पुन्हा चुकलं. मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, ते दोघांनाही कळलं नाही. वीस डाव झाले तेव्हा चार चुकले होते. धाकटीचा चेहरा एवढासा झाला.

"सॉरी बाबा. माझंच लक्ष नव्हतं."

मिलीमीटरने मान खाली घातली. गेल्या दोन महिन्यांत लोकांना पाठवलेल्या उत्तरांत हेच वाक्य होतं, फक्त जरा सभ्य भाषेत. ते वाक्य आता त्याच्या मुलीने स्वतःहून म्हटलं होतं, आणि तिला त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

"तुझं लक्ष होतं," तो म्हणाला. "मी बघत होतो. तुझं बोट निघालं तेव्हा बरोबर होतं. मध्येच मी ओळ हलवली."

"तुम्ही? तुम्ही तर हातच लावला नाही."

"आज नाही लावला. हे असं हलायचं, ते मी अकरा महिन्यांपूर्वी ठरवलं."

धाकटीने मोबाइलकडे पाहिलं, मग बापाकडे. "मग ही फसवाफसवी झाली."

मॅडमनी मोबाइल उचलला आणि स्वतः खेळून पाहिलं. त्यांचं एकदाही चुकलं नाही. त्यांनी मोबाइल परत ठेवला. "चारला हे तुम्ही सांगणार, की मी सांगू?"

"मीच सांगतो."

मीटिंग वीस मिनिटांत संपली. त्याने उभ्यानेच सांगितलं, की तक्ता त्याचा, युक्ती त्याची आणि चूकही त्याचीच. एका मोठ्या साहेबांनी विचारलं, हे दोन महिन्यांपूर्वी का दिसलं नाही. "बघायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला. टाळ्या अर्थातच नव्हत्या. तक्ता थांबला. बंद केलेल्या तक्रारी पुन्हा उघडायचं ठरलं. लोकांचं नुकसान कंपनी किती भरून देईल, ते नंतर कळणार होतं. रिकाम्या खुर्चीचा विषय कुणी काढला नाही, आणि आता कुणी काढणार नाही, हे त्यालाही समजलं.

सहा वाजता, मॅडमना विचारून, त्याने तो पहिला नंबर लावला. धाकटी दप्तर पाठीला लावून शेजारी उभी होती. फोन म्हाताऱ्याच्या बायकोने उचलला आणि कंपनीचं नाव ऐकताच ती म्हणाली,

"आता पुन्हा त्यांना त्या नादाला लावू नका हो. त्यांना दिसत नाही नीट."

"नादाला लावत नाही, आजी. दोनच मिनिटं द्या."

बराच वेळ खुडबुड झाली. मग तोच आवाज आला. "कोण बोलतंय?"

मिलीमीटरने दिवसभर मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "तो तक्ता मी बनवलाय," तो म्हणाला. "तुम्ही साडेबावीसशेवरच बोट ठेवलं होतं. तक्ता सरकला. पैशांचं मी सांगू शकत नाही, ते कंपनी ठरवेल. पण बोट तुमचं बरोबर होतं."

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?"

"नाही."

"मग दोन महिने सगळे उलटं का सांगत होते?"

तेवढ्यात धाकटीने टाचा उंचावल्या आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"आजोबा, मीपण चार वेळा चुकले. माझे डोळे चांगले आहेत, शाळेत तपासलेत. तुमची ओळ पण बाबांनीच हलवली."

म्हातारा हसला की खोकला, ते नीट कळलं नाही. मग तो म्हणाला, "थांब हं बाळ. हेच जरा आजीला सांग. तिचा माझ्यावर विश्वास नाही."

फोन पलीकडे हातांतून हातांत गेला. धाकटीने दप्तर खाली ठेवलं, बापाच्या खुर्चीत नीट बसली, आणि पहिल्या डावापासून सांगायला सुरुवात केली.