माळावरचा गोठा

सुभेदार कृष्णात यांनी तोफखान्यात बावीस वर्षं नकाशे वाचले आणि शेवटी त्यांचा घात झाला तोही नकाशानंच. पण नकाशाला तरी कशाला बोल लावायचा? त्यांनी सांगितलं तेच बिचाऱ्यात उतरलं.

म्हसवडच्या वरच्या अंगाला, माळावर त्यांचं घर. चार खोल्या, पुढं ओटा, पूर्वेला दार. पेन्शनीत आले त्या वर्षी बांधलेलं. आता शेतात घर बांधायचं म्हणजे परवानगी लागते, आणि ती काढायची तर तालुक्याला खेटे घालून चपला झिजतात. म्हणून अख्ख्या माळावर एक रीतच पडून गेलेली. बांधायचं घर आणि अर्जात लिहायचं गोठा. कृष्णातांनीही तेच लिहिलं. लाईटचं मीटर आलं तेही गोठ्याच्या नावानं. त्यांची बायको मनुबाई पाहुण्यांना हसत म्हणायची, "या, बसा आमच्या गोठ्यात." खरा गोठा मागं होता, भिंतीला भिंत लावून, पश्चिमेला तोंड करून. त्यात म्हैस.

दोन वर्षांमागं पवनचक्क्यांच्या जागा ठरवायला सर्वेची पोरं आली. लॅपटॉपवर अख्खा माळ उघडलेला. वारा कुठं जोराचा, विजेची लाईन कुठून जाते, रस्ता किती लांब, सगळं रंगांत. आणि प्रत्येक राहत्या घराभोवती पाचशे मीटरचं तांबडं कडं. त्या कड्याच्या आत चक्की उभी करायची नाही, असा नियम. नियम चांगलाच होता, माणसाचा विचार करून केलेला.

नकाशा दिसल्यावर सुभेदारांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. दिवसभर उन्हातान्हात पोरांबरोबर हिंडले. हे घर कुणाचं, ती वस्ती कधीची, ओढा कुठून वळतो, एकूण एक दाखवलं. सतरा घरांभोवती त्यांनी स्वतः उभं राहून तांबडी कडी काढून घेतली. शेवटी पोरं त्यांच्याच ओट्यावर चहाला टेकली. एकानं लॅपटॉपवर उरलेल्या एका चौकोनावर बोट ठेवून सहज विचारलं, "काका, आणि हे काय?"

"ह्यो व्हय? गोठा हाय आमचा," सुभेदार बोलून गेले.

साहेबासारखं कुणी विचारलं की हेच उत्तर द्यायचं, ही पंचवीस वर्षांची जिभेची सवय. पोरगं परगावचं, त्यानं तशी खूण केली आणि रिकामी कपबशी मनुबाईच्या हातात दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सतरा जणांची घरं राखणाऱ्या शहाण्याचं स्वतःचं तेवढं उघडं राहिलं.

यंदा पाडव्यानंतर पोकलेन आलं आणि दारासमोर चक्कीच्या पायाचा खड्डा पडला. सुभेदारांनी पावलं मोजली. दोनशे सतरा. म्हणजे एकशे साठ मीटर. पुन्हा मोजली, तेवढीच भरली.

आवाजाचं त्यांना काही नव्हतं. तोफांनी एक कान आधीच बसवला होता. भीती होती सावलीची. मनुबाईला लहानपणापासून फेफरं. मध्ये बरीच वर्षं सगळं ठीक होतं. मग भाची शिवांजलीच्या हळदीत डीजेचे दिवे लखलखायला लागले आणि मनुबाई मांडवातच दातखीळ बसून पडली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, उघडझाप करणाऱ्या उजेडापुढं यांना बसू द्यायचं नाही. ओढ्यापलीकडं एक जुनी चक्की होती. दिवस उगवला की तिच्या पात्यांची सावली शेजारच्या हरणाबाईच्या रानातून सपासप फिरायची. सुभेदार एका सकाळी मुद्दाम तिथं जाऊन उभे राहिले, तर त्यांचेच डोळे गरगरले. आणि ही नवी चक्की ऐन पूर्वेला, दाराच्या नाकासमोर. सुभेदार भ्याले. सीमेवर असताना भ्याले नव्हते इतके भ्याले.

त्यांनी तालुक्याला अर्ज केला. तीन महिन्यांनी पाहणीला साहेब आले. अवधूत नाव, वयानं तरुण, बोलायला मऊ. बरोबर गावचे पोलीस पाटील नानासो. साहेबांनी चार खोल्या पाहिल्या, देव्हारा पाहिला, मनुबाईच्या गोळ्यांची पिशवी आणि डॉक्टरांचा कागद पाहिला. मग ओट्यावर बसून कपाळ चोळलं.

"सुभेदारसाहेब, मला दिसतंय हो. पण कागदावर हा गोठा आहे. गोठ्याभोवती कडं काढत नाहीत."

"मग आता लिवा की घर हाय म्हणून."

"लिहितो. पण घर लिहिलं की ते विनापरवाना ठरतं. पाडायची नोटीस मलाच काढावी लागेल. आणि एवढं करून चक्की हलणार नाही. मंजुरीच्या दिवशी नकाशात जे होतं, तेच धरतात."

"आवं सायेब, मंग ह्या डॉक्टरच्या कागदाचं काय?"

"जोडतो ना. पण वर विचारतील, गोठ्यात पेशंट कसा?"

नानासोंनी घसा खाकरला. "गड्या, गोठाच ऱ्हाऊ दे. छप्पर तरी वाचंल."

इकडं आड, तिकडं विहीर. सुभेदारांना सगळ्या जगाचा राग आला, आणि तो काढावा असं समोर कुणीच नव्हतं. साहेब भला, नियम भला, वीज तर सगळ्यांनाच हवी. लबाडी काय ती एकट्या त्यांची, आणि तीही सगळा माळ करतो तेवढीच.

मनुबाई दारात चहा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "गोठाच लिवा सायेब," ती म्हणाली. "आन् च्या घ्या, गार हुतोय."

साहेबांनी चहा घेतला. बशी खाली ठेवून पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. "जागेवर गुरांचा गोठा आढळून आला. सदर ठिकाणी मनुष्यवस्ती नाही." वाचताना त्यांनी मनुबाईकडं पाहिलं नाही. सुभेदारांनी खाली सही केली. फौजेतली सही, ठसठशीत.

पाती चढली त्या दिवशी गावातली पोरं फोटो काढायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार उठून बघतात तर मनुबाई मागच्या गोठ्यात. शेण काढून, जमीन सारवून झालेली. कोपऱ्यात देव मांडलेले, गोळ्यांची पिशवी खुंटीला अडकवलेली. पश्चिमेचं तोंड, पूर्वेला आंधळी भिंत. तिकडं सावली पोचणार नव्हती.

"अगं, ह्ये काय मांडलंयस?"

"हितं बरं हाय मला." तिनं म्हशीचं दावं सोडलं आणि तिला चुचकारत, पुढून ओट्यावर चढवून, थेट पुढच्या खोलीत आणलं. उंबऱ्यावर म्हैस जरा बिचकली. मग आत जाऊन उभी राहिली. तेवढ्यात दिवस वर आला आणि पहिली सावली भिंतीवरून सरकली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. मनुबाईनं दावं सुभेदारांच्या हातात दिलं, पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि चाचपडत मागं वळली.

"तेवडा खुट्टा ठोका की आता," जाता जाता म्हणाली. "कवापातूर दावं धरून हुबं ऱ्हायाचं?"

ही फरशी त्यांनी पेन्शनीत आल्यावर स्वतः बसवून घेतली होती. ती त्यांनी पहारीनं उचकटली, खुट्टा उभा धरला आणि घण उचलला. पहिला घाव चुकला, दुसराही चुकला. डोळ्यांत पाणी होतं आणि वरून सारखी सावली फिरत होती, त्यांना खुट्टा धड दिसेचना.