ओहोटीचं टेबल

आमच्या ह्यांना बोट मिळाली त्या दिवसापासून मी तिला सवत म्हणते. त्यांच्या तोंडावर म्हणते. ते नुसते हसतात, म्हणून आणखीच राग येतो.

उदयसिंह त्यांचं नाव. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते आणि जन्मभर शिफ्ट केली. फर्स्ट, सेकंड, नाइट, आठवड्याला नवं वेळापत्रक. ते जेवायचे तेव्हा मी शाळेत शिकवत असायचे, नाहीतर झोपलेली असायचे. मी जेवायला बसले की ह्यांचं ताट ओट्यावर झाकलेलं. दोघांनी मिळून जेवायचं ते सणासुदीला, आणि तेव्हा घरात ही पाहुण्यांची गर्दी! मी वाढण्यात आणि हे आग्रह करण्यात. म्हणून मी ह्यांच्या रिटायरमेंटची वाट बघत होते. मला दागिने नको होते, युरोपची टूर नको होती. ह्यांनी रोज माझ्याबरोबर बसून जेवावं, बस्स. जास्त मागितलं का, तुम्हीच सांगा.

आणि झालं काय? हे रिटायर झाले आणि कंपनीचे जुने साहेब मुलाकडे कॅनडाला निघाले. साहेबांची शिडाची यॉट होती, लहानशीच, दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन असलेली. तिच्या कप्प्या आणि दोऱ्या हेच दुरुस्त करून द्यायचे. साहेब म्हणाले, "उदयसिंह, हिला आता तूच सांभाळ." झालं! उरणच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यात, गणूच्या होडीशेजारी, ती सवत खाडीत येऊन बसली. गणू कोळी तिच्यावर लक्ष ठेवणार आणि हे तिची सेवा करणार, असं ठरलं.

आता गंमत ऐका. ही बोट ओहोटीला चिखलात एका कुशीवर कलंडून बसते. तेव्हा गणूच्या फळ्यांवरून चालत तिच्यापर्यंत जाता येतं, आणि ती हलतही नाही, म्हणून दुरुस्तीचं सगळं काम ओहोटीला. आणि ओहोटी रोज पुढे पुढे सरकते. म्हणजे एका आठवड्यात हे दुपारच्या जेवणाला गायब, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या. कंपनी सुटली तर खाडीने ह्यांना शिफ्टला लावलं! माझं ताट माझ्यासमोर आणि ह्यांचं ताट झाकलेलं. मी डोक्याला हात लावला.

त्यात टेबलाचं खूळ शिरलं. म्हणे केबिनमध्ये जेवायला टेबल नाही. मग पनवेलची फर्निचरची दुकानं पालथी घातली. कामोठ्याच्या एका दुकानात ट्यूशनच्या पोरांची घडीची टेबलं होती, त्यांना टेपने मापून मापून दुकानदाराला जेरीस आणलं. एकही पसंत नाही. हे रुंद, ते उंच, तिसऱ्याला काठ नाही. बोटीतल्या टेबलाला कडेने उभा काठ लागतो म्हणे, नाहीतर ताट घसरून मांडीत. शेवटी वखारीतून सागवानाची फळी आणली आणि आमच्या हॉलमध्ये रंधा मारायला बसले. भुसा माझ्या पोळ्यांत. मी विचारलं, "कोणाला जेवायला घालायचंय एवढं? मित्रांना?" तर म्हणाले, "बघ तर खरं." मी काय बघणार, कपाळ!

टेबल घरून गेलं, पण ते बसवायला आणखी कितीतरी ओहोट्या गेल्या. एके दिवशी मी पुरणपोळी केली होती, ह्यांना आवडते म्हणून. हे आले तेव्हा तूप थिजून गेलं होतं. माझा तोल सुटला. "आता एक काय ते ठरवा," मी म्हटलं. "ती बोट तरी काढून टाका, नाहीतर मी रुचिराकडे पुण्याला जाते. लेक निदान शेजारी बसून जेवते तरी."

ह्यांनी थिजलेल्या तुपासकट पोळी खायला घेतली. कडक आवाजात बोलले असते तर मी भांडले असते, पण हे असे निमूट जेवले की मला कसंसंच होतं. ताट संपवून म्हणाले, "रविवारी टेबल पुरं होतंय. एकदा तिथे माझ्याबरोबर जेव. नाही आवडलं तर बोट देऊन टाकतो. शब्द."

पाण्याचं नाव काढलं की मी दोन पावलं मागे सरते. पण शब्द दिलाय म्हटल्यावर गेले. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, भात आणि सोलकढी असा डबा केला. मनात पक्कं होतं, जेवायचं आणि "नाही आवडलं" म्हणून मोकळं व्हायचं.

गणूने फळ्यांवरून हात धरून नेलं. "वयनी, बिनधास चला, चिखल काय खानार नाय तुमाला," म्हणाला. मग ह्यांना सांगितलं, "भरती लागली का फळ्या बुडतील. मी होडी घेऊन येतो तुमाला न्यायला." आणि गेला.

केबिनमध्ये उतरले तर सगळं घर तिरपं. मी खालच्या अंगाच्या बाकावर टेकले, हे समोरच्या वरच्या बाकावर, घसरू नये म्हणून पाय रोवून. "अहो, हे काय वाकडंतिकडं?"

"ओहोटीला अशीच बसते. पण टेबल बघ!" ह्यांनी खिशातून पाणसळ काढली. काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी लावल्याशिवाय ह्या माणसाने घरात कधी कॅलेंडरसुद्धा टांगलं नाही. ती टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. "सकाळीच शेवटचे स्क्रू मारले. एका केसाचाही फरक नाही."

आणि खरंच, टेबल देखणं होतं. गुळगुळीत, कडेला उभा काठ, कोपरे गोल केलेले, लागू नयेत म्हणून. आणि दोनच ताटांचं. तिसरं ताट ठेवायला जागाच नव्हती. मी ते दोनदा बघितलं.

ताटं वाढली. पहिला घास घेतला आणि बाहेर कुठेतरी चुळूक असा आवाज आला. भरती लागली होती. बोट अंग चोरत, कुरकुरत चिखलातून उठायला लागली. आधी मला बरं वाटलं, कारण माझी पाठ सरळ झाली. मग माझं ताट हललं.

मी ताटाकडे बघितलं, ह्यांनी टेबलाकडे बघितलं. बोट सरळ होत चालली होती आणि टेबल तिरपं! कलंडलेल्या बोटीत पाणसळ लावून सरळ केलेलं टेबल, बोट उभी राहिल्यावर दुसरं काय होणार? सोलकढीची वाटी लवंडली आणि गुलाबी ओघळ ह्यांच्या बाजूला निघाला. त्यामागून भात, त्यामागून माझं ताट, सुर्रकन जाऊन ह्यांच्या काठाला टेकलं, ह्यांच्या ताटाला खेटून. माझ्यासमोर रिकामी फळी.

मला असं हसू फुटलं की विचारू नका. जन्मभर मशिनी लेव्हलमध्ये बसवणारा माणूस, आणि बोट पाण्यावर तरंगते एवढंच विसरला! पण ह्यांचा चेहरा बघितला आणि हसू जिरलं. पाणसळ हातात घट्ट धरलेली, डोळे खाली.

"हरलो," म्हणाले. "देऊन टाकतो बोट. शब्द दिलाय."

मी उठले. पाण्याची भीती कुठल्या कुठे गेली होती. टेबलाला वळसा घालून ह्यांच्या बाकावर गेले. "सरका जरा," म्हटलं आणि शेजारी बसले. माझं ताट तिथेच तर होतं. भाकरीने भात गोळा केला आणि जेवायला लागले. ह्यांनीही घास घेतला. खांद्याला खांदा लागत होता.

ताटाकडे बघतच हे म्हणाले, "घरी तू समोर बसतेस ना, मला धास्ती वाटते."

"माझी?"

"तू काहीतरी विचारशील, याची. माझ्याकडे काय आहे सांगायला? पंप, वॉल्व्ह, कुठे गळलं, कुठे बंद पडलं. इतकी वर्षं तू एकटी जेवलीस, आता समोर बसून काय बोलायचं तेच सुचत नाही. म्हटलं, इथे निदान टेबल दाखवता येईल."

हातातला घास मी ताटात ठेवला. हा माणूस माझ्यापासून पळत होता, आणि पळून पळून माझ्यासाठीच टेबल करत होता! राग यावा की जवळ घ्यावं, कळेना. "अहो, मला बोलायला कुठे माणूस हवं होतं?" मी म्हटलं. "जेवायला हवं होतं."

ह्यांनी डबा जवळ ओढला. डाव्या हाताने माझ्या ताटात बिरडं वाढलं. ह्यांनी मला वाढलेलं, लग्नापासून पहिल्यांदा. मी पदराने डोळे पुसले आणि पुसताना लपवलं नाही.

मग घसा साफ करून म्हणाले, "उद्याच्या ओहोटीला स्क्रू काढतो. पायाखाली पाचर मारली की टेबल सरळ."

"खबरदार हात लावलात तर!" मी ओरडलेच. "सरळ झालं की मला परत समोर जाऊन बसावं लागेल."

ह्यांनी पाणसळ परत खिशात घातली. बाहेर वल्ह्यांचा आवाज आला आणि गणूने हाळी दिली, "सायेब, वयनी, चला! पानी भरला!"

"थांब रे जरा," मी आतूनच ओरडले. "आमचं जेवण चाललंय."