गच्चीवरचा हरण्या

मी एक म्हातारी कुत्री आहे. मित्रांनो, हा शब्द वाचून कोणी खुदकन हसलं असेल, तर त्यानं पोटभर हसून घ्यावं. तुमच्या भाषेत ती शिवी आहे हे मला माहीत आहे. आमच्या भाषेत 'माणूस' हा शब्द कसा वापरतात, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही आपणहून सांगणार नाही.

माझं नाव कापशी. कोल्हापूरहून हुपरीकडे जाताना उसाच्या रानात एक बंद पडलेली पोल्ट्री आहे. कोंबड्या गेल्या, वास तेवढा राहिला. तिथं आता टाकून दिलेली कुत्री ठेवतात. काही माझ्यासारखी रस्त्यावरची, काही बंगल्यांतली. बंगल्यातली जास्त रडतात. फाटकाबाहेर गाडी वाजली की त्यांना वाटतं, आपलाच मालक आला. मालक कसला येतोय!

रविवारी मात्र माणसांची जत्रा भरते. पांढरे बूट घालून येतात. पिल्लं उचलून गालाला लावतात, फोटो काढतात, 'किती गोड, किती गोड' म्हणतात. पिल्लू अंगावर मुतलं की तोच गोडवा लगेच खाली ठेवतात. घाणीची पाटी उचलायची वेळ आली की ह्यांना एकाएकी घरचं जेवण आठवतं. अशांना 'प्राणिमित्र' म्हणतात म्हणे. शत्रू परवडला, तो निदान दगड मारून मोकळा होतो.

ह्या सगळ्यांत दोनच माणसं पाटी उचलणारी निघाली. एक संयोगिता आणि दुसरा इकबाल. त्यांचीही मी फार स्तुती करणार आहे असं समजू नका.

मी जन्मले शाहूपुरीत, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीखाली. तरुण असताना एका मोटारीनं मला उडवलं. माझा मागचा पाय मोडला. मोटारवाला खाली उतरला, त्यानं आधी बंपर पाहिला, मग मला पाहिलं. भोवती माणसं जमली. सगळे हळहळले आणि एकानंही हात लावला नाही. तेवढ्यात बँकेतून घरी निघालेली एक मुलगी गर्दीत घुसली. तीच संयोगिता. ती मोटारवाल्याला म्हणाली, "दवाखान्यापर्यंत सोडा हिला." तो म्हणाला, "सीट खराब होतील की, ताई."

इकबाल आपला मालवाहू टेम्पो घेऊन मागं अडकला होता. इचलकरंजीहून कापडाचे तागे पोचवून तो परत निघाला होता. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रस्ता आडवून काय सभा भरवलीसा? घाला की तिला मागं!"

त्यांनी मला रिकाम्या पोत्यावर घालून नेलं. मी वाटेत इकबालच्या मनगटाला चावले. "चाव बाई, चाव," तो म्हणाला, "मोडलंय तुझं, माझं न्हवं." त्या दिवशी मी गटारीच्या रंगाची होते, तरी संयोगितानं माझं नाव कापशी ठेवलं. माणसाला जे समोर नाही तेच दिसतं, हे मला तेव्हाच कळलं.

पाय जुळला. मी ह्या पोल्ट्रीतल्या निवाऱ्यातच राहिले. वाकड्या पायाच्या गावठी कुत्रीला कोण नेतो! संयोगिता बँकेला सुटी असली की यायची. गोचिड काढायची, जखमांतले किडे काढायची आणि एकेका कुत्र्यासाठी घर शोधायची. एखादं कुत्रं कुणाच्या घरी गेलं की दिवसभर गुणगुणायची. इकबाल शिळ्या भाकरी आणि कोंबडीचे पाय गोळा करून आणायचा. जाताना नळावर हातपाय घासून धुवायचा, टेम्पोत ठेवलेले दुसरे कपडे घालायचा आणि मग घरी जायचा.

एकदा संयोगितानं त्याला विचारलं, "इकबालभाई, तुम्ही एक तरी घरी का नेत नाही?"

"आमच्यात घरात कुत्रं चालत न्हाय, ताई. अम्मीला नमाजाला जागा पाक लागती. न्हेऊन दारात बांधून ठिवायचं म्हंजे त्याचे हाल. म्हणून न्हेत न्हाय."

जमत नाही म्हणून नेत नाही. मित्रांनो, इतकी साधी अक्कल मी आयुष्यात फार थोड्या माणसांत पाहिली.

मग हरण्या आला. तो कारवानी जातीचा होता. लांब पाय, बारीक कंबर, निमुळतं तोंड. शर्यतीत पळवून पळवून त्याचा पुढचा पाय मोडला, तेव्हा मालकानं त्याला उसाच्या कडेला सोडून दिलं. जिंकत होता तोवर त्याला अंडी खायला घालत होते. इकबालनं त्याला पाहिलं आणि म्हणाला, "हरणावाणी हाय की ह्यो!" तेच नाव पडलं.

हरण्या माझ्यासारखा माणसांचा राग राग करणारा नव्हता. तो खरोखर घाबरायचा. माझ्या पाठीला पाठ लावून बसल्याशिवाय तो खात नसे. मला तो आवडत होता असं मी म्हणणार नाही. पण त्याची जागा रिकामी असली की मला झोप लागत नसे.

संयोगितानं त्याचा पाय रोज शेकला, चोळला. सहा-सात महिन्यांनी एका सकाळी तिनं त्याला शेजारच्या तोडलेल्या उसाच्या रानात सोडलं. आधी तो नुसता उभा राहिला. मग पळाला. काय पळाला! बांधावरून उडी, पुन्हा वळण, पुन्हा उडी. संयोगिता हसत होती, रडत होती आणि इकबालच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तेवढ्यापुरतं मलाही वाटलं, ही माणसं काही अगदीच वाया गेलेली नाहीत. असं वाटणं धोक्याचं असतं.

कारण त्याच पळण्याचा व्हिडिओ तिनं मोबाईलवर टाकला आणि तो पाहून धैर्यशील आला.

धैर्यशीलचा कोल्हापुरात नवा बंगला होता, नवी उघडी जीप होती आणि तिच्याशेजारी उभं करायला एक कुत्रं हवं होतं. हे त्यानं असं सांगितलं नाही. तो म्हणाला, "ताई, मुक्या जनावरांवर आपला लई जीव हाय." हरण्या त्याच्याबरोबर जाईना. तो माझ्यामागं लपला. तेव्हा धैर्यशील म्हणाला, "मग ही बी द्या की. दोन्ही न्हेतो." वाण्याकडं साखर घेताना वर गुळाचा खडा मागावा, तसं त्यानं मला मागितलं.

संयोगिता आनंदानं वेडी झाली. म्हातारी लंगडी कापशी आणि हरण्या, दोघं एकाच बंगल्यात! तिनं आमच्या पट्ट्यांच्या आत आपला फोन नंबर लिहिला आणि आम्हाला जीपमध्ये बसवलं.

पहिले काही दिवस आम्हाला मटण मिळालं. हरण्याचं नाव बदलून 'बुलेट' झालं. माझं नाव कोणी बदललं नाही, कारण मला कोणी हाकच मारत नव्हतं. मग थंडी पडली आणि हरण्याचा जुना पाय आखडू लागला. एका सकाळी धैर्यशीलचे दोस्त अंगणात चहा पीत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "दादा, जीप एवढी भारी आणि कुत्रं लंगडं? काय चेष्टा लावलीय!"

सगळे हसले. धैर्यशीलही हसला. त्याच दिवशी आमची रवानगी गच्चीवर झाली.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली होती, ती दुपारी सरकून जायची. हरण्याला साखळीनं कठड्याला बांधलं. मी मोकळी होते, पण जाणार कुठं? वाढणं कधी दोन वेळा, कधी एक वेळा, कधी विसरलेलं. धुणं वाळत घालायला बायडाबाई नावाची कामवाली यायची. ती बादलीतलं उरलेलं पाणी आमच्यापुढं ओतायची, 'अरं देवा' म्हणायची आणि खाली जायची. अरं देवा म्हणायला काय लागतं? उन्हाळा आला तरी ती अरं देवाच म्हणत होती.

एकदा संयोगिता आम्हाला भेटायला आली. येण्याआधी तिनं फोन केला होता. माणसं भारी सभ्य असतात, चोराच्या घरीसुद्धा कळवून जातात. मग काय, आम्हाला आंघोळ घातली, भरपेट खायला घातलं, नवे पट्टे बांधले आणि अंगणात आणलं. हरण्या तिच्याकडं धावला नाही. सावकाश गेला आणि डोकं तिच्या पोटात खुपसून उभा राहिला. तिनं त्याच्या अंगावरून हात फिरवला. बरगड्यांवर आल्यावर तो हात थांबला.

"बारीक झालाय का हा?"

"उन्हाळा हाय की, ताई," धैर्यशील म्हणाला. "खाईत न्हाय नीट. पोहे घ्या."

मी तिच्याकडं बघून भुंकले. भुंकत राहिले. "कापशी अजून तशीच भांडकुदळ आहे!" ती हसून म्हणाली. तिनं पोहे खाल्ले, चहा घेतला, आमचा सगळ्यांचा फोटो काढला आणि गेली. तिला दिसलं नाही असं नाही. तिच्या हाताला सगळं कळलं होतं. पण तिला एक तरी गोष्ट गोड शेवटाची हवी होती, आणि तिनं तीच पाहिली. धैर्यशीलपेक्षा त्या दिवशी मला तिचा जास्त तिटकारा आला. त्याच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

ती फाटकाबाहेर पडली आणि आम्ही परत गच्चीवर गेलो.

वैशाखात हरण्यानं उठणं सोडलं. बायडाबाई धुण्याची बादली घेऊन वर आली. बादली तिनं खाली ठेवली. मग जिन्याकडं पाहून तिनं माझ्या गळ्यातला पट्टा उलटा केला. नवे पट्टे संयोगिताच्या भेटीपुरतेच होते, गच्चीवर जुनेच होते. आतला नंबर पाहून तिनं पदराखालून मोबाईल काढला.

"ताई, धैर्यशीलदादांच्या घरात कामाला असती मी. तुमचं कुत्रं मरायलंय. आजच्या आज या. आणि माझं नाव सांगू नगासा."

ह्या वेळी संयोगिता न कळवता आली. बरोबर इकबाल होता. ती दोघं थेट जिना चढून वर आली. मागून धैर्यशील ओरडत आला.

"कुत्रं माझं हाय! तुम्हीच दिलंय की. कुठं ठेवायचं ते मी बघीन."

इकबाल शांतपणे म्हणाला, "ठेवा की, दादा. नुसतं एवढं करा, हाक मारा त्येला. उठून तुमच्याकडं आला तर आम्ही दोघं आल्या पावली परत जातो."

धैर्यशीलनं हाक मारली. "बुलेट! ए बुलेट!"

हरण्यानं डोळासुद्धा उघडला नाही.

संयोगिता गुडघ्यांवर बसली. "हरण्या," ती म्हणाली.

फरशीवर त्याची शेपटी हलली. एकदाच.

इकबालनं हरण्याची साखळी सोडली, दोरीवरची चादर ओढली, त्याला तिच्यात गुंडाळलं आणि उचललं. धैर्यशीलनं त्या वेळी काय म्हणावं, मित्रांनो? तो म्हणाला, "अहो, चादर नवी हाय ती!"

त्यांनी आम्हा दोघांना निवाऱ्यात परत आणलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, माझ्या पाठीला पाठ लावून हरण्या मेला. डॉक्टरांनी सलाइन लावलं होतं, संयोगिता थेंब थेंब पाणी पाजत होती. कशाचाही उपयोग झाला नाही. इकबालनं बांधाकडेला खड्डा खणला. संध्याकाळपर्यंत धैर्यशीलच्या कानावर गेलं आणि त्यानं मोबाईलवर जीपशेजारचा फोटो टाकला. 'बुलेट, मित्रा, फार लवकर गेलास.' त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले.

संयोगिता त्यानंतर कित्येक रविवार आली नाही. दुःखात होती म्हणे. आमच्या गोचिडांना कुणाच्या दुःखाचं सुतक नसतं, त्या वाढतच होत्या. शेवटी ती आली, पण बदलून आली. कोणी कुत्रं न्यायला आलं की ती हजार प्रश्न विचारायची आणि शेवटी नाही म्हणायची. चांगल्यालाही नाही, वाइटालाही नाही. पिल्लं पिंजऱ्यात मोठी होऊ लागली. जागा पुरेना, आजार पसरला.

अशात एक दिवस फाटकात बायडाबाई उभी राहिली. फोनचं कळल्यावर तिला कामावरून काढून टाकलं होतं. तिनं निवाऱ्यातला तीन पायांचा लाल्या मागितला.

संयोगिता भडकली. "तुम्ही? तुम्ही सगळा उन्हाळा रोज बघत होता त्याला!"

"व्हय. बघत हुते," बायडाबाई म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "तवापास्नं झोप न्हाय मला. दुसऱ्याच्या घरात माझं काय चालत न्हवतं. आता माझ्या घरात तर चालंल की!"

"नाही. मी आता कुणालाच देणार नाही."

इकबालनं हातातली पाटी खाली आपटली. "मग त्या धैर्यशीलात आणि आपल्यात फरक काय, ताई? त्यानं एकाला बांधून ठेवलं. तुम्ही ह्या समद्यास्नी बांधून ठेवायलाईसा."

संयोगितानं पिंजऱ्यांकडं पाहिलं. मग तिनं लाल्याची साखळी काढली.

आता ती महिन्यातून एकदा तरी बायडाबाईच्या घरी जाते. कळवून जात नाही. आधी पाण्याचं भांडं बघते, लाल्याच्या बरगड्या चाचपते, मग उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते. लाल्या जाड झालाय आणि गल्लीभर दादागिरी करतो, असं इकबाल सांगतो. हळूहळू बाकीचीही काही जाऊ लागलीत. दोन परतही आली. संयोगिता रडते, शिव्या देते आणि पुन्हा पाटी उचलते.

म्हणून माझं माणसांविषयीचं मत बदललं, असं कोणी समजू नये. मी दात पडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू झालेली कुत्री आहे. मला कोणी नेणार नाही, आणि माझीही जायची इच्छा नाही. पण माझ्यामागं पिंजऱ्यांत कालची पिल्लं ओरडतायत, म्हणून हे सांगते आहे.

मित्रांनो, पुढल्या रविवारी इकडं यायचा विचार असेल तर पांढरे बूट घरी ठेवा. पाटी उचलणार असाल तरच या. आमची कीव करू नका, तिनं पोट भरत नाही. ठेवणं जमणार नसेल तर नेऊ नका, त्यात कमीपणा नाही. आणि नेलंतच, तर मरेपर्यंत सांभाळा. तुमच्या मानानं आम्ही फार थोडी वर्षं जगतो. तेवढं तरी तुम्हाला जमायला हरकत नाही.