जाहीर वाचनासाठी तीस दिवस

आमच्याकडे डॉक्टरेटचा प्रबंध, वर्तमानपत्रात विषय जाहीर करून, तोंडी परीक्षेआधी तीस दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवतात. कोणाही नागरिकाने यावे, वहीत नाव लिहावे, प्रबंध वाचून हरकत नोंदवावी. लोकशाहीची ही सोय इतकी निर्धोक की बावीस वर्षांत उमेदवाराच्या आईखेरीज कोणी वाचायला आल्याचे मला स्मरत नाही.

गुरुवारी सकाळी दुन्या दार न ठोठावता माझ्या खोलीत शिरली. फौजदारी न्याय आणि मानवी सुरक्षा या विषयात तिने गेल्या वर्षी माझ्याच हाताखाली एम.ए. केले होते. नवऱ्याच्या मारातून सुटून, नाव बदलून राहणाऱ्या नऊ स्त्रियांच्या मुलाखती तिने त्यासाठी दोन वर्षे खपून घेतल्या होत्या.

“सर, ग्वोझ्देनसाहेबांनी माझा प्रबंध ढापलाय.”

ग्वोझ्देन म्हणजे जिल्ह्याचे उपपोलीसप्रमुख आणि आमचे डॉक्टरेटचे उमेदवार.

“किती?”

“स्वल्पविरामांसकट. माझ्या टायपिंगच्या चुकासुद्धा इमानेइतबारे सांभाळल्यात.”

मला हसू आले. अधिकाऱ्याने प्रबंध चोरणे ही आमच्याकडे बातमी नसते, बढतीची पायरी असते.

“हसू नका. परिशिष्ट बघा.”

तिने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. तिच्या प्रबंधात त्या स्त्रिया ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा होत्या. ग्वोझ्देन यांना स्वतःची म्हणून काही भर घालायची होती. त्यांनी पोलिसांच्या दप्तरातून नऊही जणी शोधून तक्ता केला होता: मूळ नाव, नवे नाव, राहण्याचा पत्ता, मुलांची शाळा. परीक्षक समितीच्या अहवालात या तक्त्याचा गौरव ‘मौलिक योगदान’ असा केला होता. अहवाल उमेदवाराच्याच कचेरीतून टंकून आला होता. त्यावर तीन सह्या होत्या, पहिली माझी. मी एकही पान उलटले नव्हते. उलटले असते तर दुन्याचे वाक्य पहिल्या ओळीतच ओळखले असते.

आम्ही जिना उतरून ग्रंथालयात धावलो.

“दुन्याखेरीज कोणी वाचायला आलं होतं?” मी ग्रंथपाल मिलेवाबाईंना विचारले.

“आलं होतं ना! मंगळवारी एक गृहस्थ. काय सभ्य माणूस, टोपी काढून बसला! शेवटच्या पानाची झेरॉक्स मागितली, दिली मी. म्हटलं, चला, कोणीतरी वाचतंय बाई आपलं!”

वहीत वळणदार अक्षरात सही होती: द्रागोल्युब शारात्स. तक्त्यातील तिसरे मूळ नाव होते नेवेना शारात्स.

मी तिथूनच अधिष्ठात्यांना फोन लावला.

“अरे, शांत हो,” ते म्हणाले. “हरकत लेखी दे, तीन प्रतींत. अजून अकरा दिवस आहेत.”

पोलिसांना कळवावे, तर ठाण्यातला फोन ग्वोझ्देन यांच्याच टेबलावर वाजणार. दुन्याने स्पीकर लावून थेट नेवेनाचा नंबर फिरवला.

“नेवेनाताई, कुठे आहात?”

“बेकरीत. का गं?”

“बाहेर पडू नका. त्याला तुमचा पत्ता कळलाय.”

मागे ओव्हनचे ट्रे आदळत होते. “कोणी सांगितला?”

दुन्या माझ्याकडे पाहू लागली. मी फोन घेतला. “आम्ही. माझी सही आहे त्यावर.”

“तुम्ही कोण?”

“प्राध्यापक. मानवी सुरक्षा शिकवतो.”

“शिकवा,” ती म्हणाली. “पण गाडी आहे का तुमच्याकडे? माझी पोरगी दोनला शाळेतून सुटते.”

चाळीस किलोमीटर दुन्याने गाडी हाकली. बेकरीच्या मागल्या दारातून नेवेनाला घेतले आणि पावणेदोनला शाळेशी पोचलो. नेवेना मागच्या सीटवर वाकून बसली. मी तिचे ओळखपत्र आणि चिठ्ठी घेऊन आत गेलो. शाळेच्या शिपायाने दोन्ही दोनदा वाचले, मग मला फोन लावायला सांगून तो स्वतः तिच्याशी बोलला.

“सकाळी एकजण वडील म्हणून आला होता,” तो म्हणाला. “हातात नुसती झेरॉक्स. हाकलला. दोनला परत येतो म्हणालाय.”

मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. वर्गातून दप्तरासह बाहेर आली. का, कुठे, काहीही न विचारता गाडीत आईशेजारी बसून तिने पट्टा लावला. दुन्याने गाडी हमरस्त्याला घातल्यावर मात्र ती आईकडे वळली.

“आई, या खेपेला माझं आडनाव काय?”