समोरच्याच्या डोळ्यांतला उजेड

मित्रांनो, शुक्रवार पेठेतल्या अरुंद बोळात भिंतीला टेकून उभी असते ती मी, सतरा वर्षं वापरलेली एक मोटारसायकल. माझे मालक कल्लप्पा हे जनावरांचे डॉक्टर. गाय विताना अडली, बैलाचं पोट फुगलं की फोन येतो आणि आम्ही निघतो. वेळकाळ बघायची सोय नसते.

नवी होते तेव्हा डॉक्टर दर रविवारी मला पुसायचे. टाकी चकाकत राहिली, पण दिव्याकडे कोणी पाहिलं नाही. उजेड पुढे फेकणारी आतली चंदेरी वाटी काळवंडली, वायरी गंजल्या. वेग कमी झाला की माझा दिवा मिणमिणायचा. पुढे खड्डा आहे की सावली, तेच कळेना. अंधार पडू लागला की मला धास्ती वाटायची.

एकदा अक्कलकोट रस्त्यावर उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी होती. आम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी पांढराफटक एलईडी बल्ब आणून जुन्याच दिव्यात बसवला. काय तो उजेड! समोरून येणारे डोळ्यांवर हात धरायचे, शिव्या घालायचे. मला वाटायचं, जळतात मेले.

जानेवारीतल्या एका रात्री वळसंगच्या पुढच्या वस्तीवरून सोनाबाईंचा फोन आला. "डॉक्टर, म्हस अडलीया. लवकर या की! मालक गाडी घिऊन फाट्यावर येत्यात, वाट दावायला."

आम्ही सुसाट निघालो. फाट्याजवळ समोर एक बारका दिवा दिसला. तो डुलला, बाजूला गेला आणि विझला. मग धाडकन आवाज आला.

डॉक्टर धावले. रस्त्याकडेच्या चारीत मोपेड उलटी पडली होती आणि शेजारी सोनाबाईंचे यजमान, महिपती, मनगट धरून बसले होते.

"डॉक्टर का? डोळ्याम्होरं नुसतं पांढरं झालं वो. रस्ताच दिसंना."

"चला, आधी दवाखान्यात नेतो तुम्हाला."

"हात मोडलाय, जीव न्हाय गेला. आदी म्हस बगा!"

डॉक्टरांनी टॉवेलनं त्यांचा हात गळ्यात बांधला, त्यांना मागे बसवलं. आम्ही पोचलो तोवर उशीर झाला होता. म्हैस वाचली. रेडकू मेलेलंच निघालं.

सोनाबाईंनी नवऱ्याचा सुजलेला हात पाहिला, मग माझ्या दिव्याकडे पाहिलं. "तुमाला लांबचं दिसावं म्हनून आमच्या मानसाला आंदळं केलं व्हय?"

शेजाऱ्यांच्या जीपमधून डॉक्टर महिपतींना दवाखान्यात घेऊन गेले. मी गोठ्याबाहेर उजाडेपर्यंत उभी होते. आत म्हैस सारखी हंबरत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला मैनुद्दीन मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी दिवा उघडून पाहिला. "डॉक्टरसाब, हा बल्ब या दिव्याचा नाहीच. उजेड चारी बाजूला फुटतोय. रस्त्यावर कमी, लोकांच्या डोळ्यात जास्त."

त्यांनी अख्खा दिवा बदलला, बॅटरीपासून नव्या वायरी ओढल्या. संध्याकाळी मला भिंतीसमोर उभं केलं, वजनानं दिव्याचा कोन बदलतो म्हणून डॉक्टरांना सीटवर बसवलं आणि भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूनं रेघ मारली. मग उजेडाची वरची कड रेघेखाली येईपर्यंत दिवा इंचाइंचानं वाकवला.

"उजेड कमी केला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कमी कशाला? जागेवर आणला."

खरंच, आता खड्डे दिसतात, बिनदिव्याची ट्रॉलीही वेळेत दिसते. पुढे तीन महिने डॉक्टर त्या वस्तीवर जात राहिले. महिपती चहा विचारायचे. सोनाबाई मात्र बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचा दिवा एकदा भिंतीसमोर लावून बघा. काच पुसा, वायरी तपासा. आणि समोरून कोणी येत असेल तर आपली गाडी चालवणाऱ्याला सांगा, दिवा खाली करा. मी तर अजूनही समोर दिवा दिसला की धडधडत असते. तो माणूस सुखरूप शेजारून निघून जातो, मागच्या अंधारात त्याच्या गाडीचा आवाज ऐकू येत राहतो, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडतो.